लेकरू घरात राहू द्या

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना संपली, बायका छत्र्या उघडून पांगल्या, पण एक बाई विहाराच्या पायरीवर तशाच बसून राहिल्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांनी पदराच्या गाठीतून डॉक्टरची चिठ्ठी काढली आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही पेपरात लिहिता, चार शिकलेली माणसं ओळखता. माझ्या पोराला बरं करणारा डॉक्टर सांगा."

आजार कोणता, हे सांगायला त्यांना अर्धा तास लागला.

पोरगं सतरा वर्षांचं, बारावीला. अभ्यासात चांगलं. वडील सफाई कामगार, आई दोन ऑफिसांत झाडलोट करते. लहानपणापासून लेकराची चाल, बोलणं, बसणं मुलीसारखं. वस्तीतली पोरं 'बायल्या' म्हणून चिडवायची, तेव्हा बापच त्यांच्या अंगावर धावून जायचा. पण एका रात्री जेवताना लेकरू बोलून गेलं, "मी उद्या लवकर जाते." 'जातो' नव्हे, 'जाते'. बापाने उष्ट्या हाताने थोबाडीत मारली.

आपली मराठी भाषा अशी आहे की माणसाला जवळजवळ प्रत्येक वाक्यात सांगावे लागते, आपण पुरुष की बाई. येतो की येते, थकलो की थकले. ज्या लेकराला आतून आपण मुलगी आहोत असे वाटते, त्याला दिवसातून शंभरदा मन मारून बोलावे लागते. त्या रात्री एकदा मनातले खरे तोंडातून निसटले, एवढाच त्याचा गुन्हा.

त्यानंतर केस कापले. मोबाइल काढून घेतला. आजीच्या हट्टापायी एका भगताकडे नेऊन अंगारा लावला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात हे घडले. मग एका खाजगी डॉक्टरकडे नेले. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, "एकविसावं लागलं की लग्न लावून द्या, आपोआप सुधारेल." पंधरा दिवसांनी लेकराने जीव देण्याचा प्रयत्न केला. शेजारणीच्या वेळेवर लक्षात आले म्हणून ते वाचले.

ही हकिकत त्या माउलीच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा बेताने आम्ही लिहीत आहोत. कारण पायरीवर बसलेली ती काही एकटीच आई नव्हे.

आजार कोणाला?

प्रथम एक गोष्ट साफ करू. बाळ जन्मते तेव्हा शरीर पाहून आपण मुलगा की मुलगी ते ठरवतो. ते झाले लिंग. वाढत्या वयात माणूस आतून स्वतःला काय समजतो, तो झाला लिंगभाव. बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही जुळतात. काहींच्या बाबतीत जुळत नाहीत. मुलाच्या देहात जन्मलेल्याला आपण मुलगी आहोत असे वाटते, मुलीच्या देहात जन्मलेल्याला आपण मुलगा आहोत असे वाटते, तर काहींना या दोहोंपैकी कुठल्याच चौकटीत आपण बसत नाही असे वाटते. मुलगी म्हणून जन्मलेल्यांचे हाल तर बाहेर दिसतही नाहीत, कारण कुणी काही ओळखण्याच्या आत त्यांचे लग्न उरकलेले असते.

हा आजार आहे काय? जागतिक आरोग्य संघटनेने आजारांची जी नवी यादी केली, तिला २०१९ साली सभासद देशांनी मान्यता दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू झाली. त्या यादीत ही गोष्ट मनोविकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवण्यात आली. म्हणजे वैद्यकशास्त्रानेच सांगितले की असे असणे म्हणजे वेड नव्हे. आपल्या देशातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातही लिहिले आहे की समाजाच्या चालीरीतींप्रमाणे एखादा वागत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

मग त्या बाईंच्या पोराला डॉक्टरची गरजच नव्हती काय? होती, फार होती. त्याला झोप येत नव्हती, जेवण जात नव्हते, जगण्यावरची इच्छा उडाली होती. हा आजार खरा आहे आणि त्याच्यावर उपचारही आहेत. पण तो 'जाते' म्हटल्याने झालेला नाही. 'जाते' म्हटल्यावर जे वाट्याला आले, त्याने तो वाढला. आई डॉक्टर शोधत होती ते बरोबर होते, फक्त कशासाठी शोधायचा तिथे चूक होत होती.

घराच्या हातात किती?

पुष्कळ आईबापांना वाटते की आता सगळे हाताबाहेर गेले. अभ्यास मात्र उलटेच सांगतात.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला केटलिन रायन नावाच्या बाईंनी घरच्या वागणुकीचा मुलांवर काय परिणाम होतो याचा बरीच वर्षे अभ्यास केला. २००९ साली त्यांनी २१ ते २५ वर्षांच्या २२४ समलिंगी व उभयलिंगी तरुणांची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांना किशोरवयात घरच्यांनी अतिशय झिडकारले होते, त्यांच्यात जीव देण्याचा प्रयत्न करण्याचे प्रमाण, ज्यांना फारसे झिडकारले गेले नाही त्यांच्यापेक्षा आठपटींहून अधिक होते. खोल निराशेचे प्रमाण जवळजवळ सहापट.

समलिंगी असणे आणि लिंगभाव वेगळा असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोणावर प्रेम जडते हा एक प्रश्न, आणि मी कोण आहे हा दुसरा. पण घराबाबतचे उत्तर दोन्हीकडे सारखेच निघाले. कॅनडातील ओंटारियो प्रांतात १६ ते २४ वर्षांच्या पारलिंगी तरुणांची पाहणी झाली, तिचा अहवाल २०१२ साली आला. आईवडील भक्कमपणे पाठीशी आहेत असे ज्यांनी सांगितले, त्यांच्यात आदल्या वर्षभरात आत्महत्येचा प्रयत्न केलेले शेकडा ४ होते. ज्यांना तसा आधार नव्हता, त्यांच्यात शेकडा ५७. पाहणी लहान होती, पण फरक केवढा आहे पाहा. २०१६ साली अमेरिकेतच ३ ते १२ वर्षांच्या ७३ मुलांचा अभ्यास आला. या मुलांना ती स्वतःला जे समजतात त्याप्रमाणे राहायला घरच्यांनी मोकळीक दिली होती. त्यांच्यातली उदासी इतर मुलांएवढीच निघाली, चिंता तेवढी थोडी जास्त.

रायनबाईंच्या कामातली आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. झिडकारणारे बहुतेक आईबाप दुष्ट नव्हते. लोकांनी हसू नये, पोराने चारचौघांसारखे सुखाने जगावे, याच काळजीने ते मारीत होते, कोंडीत होते. पोराला मात्र त्यातली काळजी पोचत नव्हती, मारच तेवढा पोचत होता.

उपचार साऱ्या घराला

आम्ही त्या बाईंना महापालिकेच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन गेलो. तिथल्या समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी वडिलांनाही आणा." बाई घाबरल्या. "आजारी पोरगं, मग नवऱ्याला कशाला?"

याला कुटुंब-उपचार म्हणतात. ही श्रीमंतांची चैन आहे असे कुणी समजू नये. अमेरिकेत साल्वाडोर मिनुचिन या डॉक्टरांनी ही पद्धत घडवली ती न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांतल्या काळ्या आणि पोर्तोरिकन घरांतल्या मुलांबरोबर काम करताना, आणि त्यावर १९६७ साली पुस्तक लिहिले. आपल्या देशात तर त्याआधीच, १९५० च्या दशकात, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकून रुग्णांच्या घरच्यांना तिथेच राहायला बोलावले. घरचे माणूस जवळ राहिले, समजून घेऊ लागले, की रुग्ण लवकर सुधारून घरी जातो, हे त्यांनी दाखवून दिले. एका माणसाचे दुखणे साऱ्या घरात फिरते. म्हणून उपचारही साऱ्या घराला करायचे, असा त्यामागचा साधा विचार.

जीव द्यायला निघालेल्या मुलांसाठी फिलाडेल्फियाच्या गाय डायमंड यांनी जी रीत बसवली, तिची सुरुवात एका प्रश्नाने होते. समुपदेशक मुलाला आईबापांसमोर विचारतो, "मरावंसं वाटत होतं, तेव्हा तू आईवडिलांकडे का नाही गेलास?" मग काही बैठका मुलाबरोबर एकट्याने, काही आईबापांबरोबर एकट्याने, आणि दोघांची तयारी झाली की समोरासमोर बसून जे कधी बोललेच गेले नाही ते बोलायचे. समलिंगी मुलांसाठी ही रीत वापरताना आईबापांच्या बैठका मुद्दाम वाढवल्या गेल्या, कारण त्यांच्या मनातली भीती आणि दुःख यांनाही जागा लागते. २०१२ साली छापलेल्या प्रयोगात १२ आठवड्यांत मुलांचे मरणाचे विचार आणि निराशा दोन्ही कमी झाली. मुले दहाच होती, म्हणून त्याचा डंका पिटू नये. पण दिशा बरोबर आहे.

आमच्या ओळखीच्या त्या घराचे काय झाले? तिसऱ्या खेपेला बाप आला. कामावरून थेट आला होता, खुर्चीच्या कडेवर बसला. मॅडमनी लेकराला तसाच प्रश्न विचारला, "तुला मरावंसं वाटत होतं, ते मम्मी-पप्पांना का नाही सांगितलंस?"

लेकरू म्हणाले, "सांगायला सुरुवात केली होती. जेवताना."

बाप काही बोलला नाही. नंतर तो एकटा मॅडमसमोर बसला तेव्हा बोलला, आणि त्याने आम्हाला ते पुढे स्वतःच सांगितले. "माझ्याजवळून जाताना लोक नाकाला रुमाल लावतात, मॅडम. वीस वर्षं बघतोय. म्हटलं, माझं झालं ते झालं, पोरगं साहेब होईल, त्याच्याकडे बघून कुणी तोंड फिरवणार नाही. आणि आता त्याच्याकडे बघून लोक माझ्याहून जास्त हसणार. मला हसले ते मी गिळलं. त्याला हसलेलं मला गिळवत नाही."

मॅडम एवढेच म्हणाल्या, "हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत का?"

आपल्या घरांवरचे ओझे

हे दुखणे सगळ्याच समाजांत आहे, पण आपल्या घरांवर त्याचे ओझे वेगळे पडते. आजोबांनी गाव सोडला, बापाने हमाली केली, साफसफाई केली, ती पोराने शिकावे म्हणून. साऱ्या खानदानाची उमेद एका पोराच्या पाठीवर. ते पोर वेगळे निघाले की घराला वाटते, तीन पिढ्यांची कमाई बुडाली.

लिव्हिंग स्माइल विद्या या तामिळनाडूच्या दलित पारलिंगी लेखिका. त्यांचे आत्मकथन २००७ साली तमिळमध्ये आले. मुलगा म्हणून जन्म, आणि शिकून मोठा साहेब हो म्हणून वडिलांचा धाक. भाषाशास्त्रात एम.ए. पर्यंत शिकलेल्या या व्यक्तीला स्वतःच्या खऱ्या रूपात जगण्यासाठी घर सोडावे लागले, आणि आपल्या पुण्यात येऊन रेल्वेगाडीत भीक मागावी लागली. बाबासाहेबांच्या वाटेने शिकलेली पदवी हातात असताना पोट भरायला टाळी वाजवावी लागते, याचा दोष कोणाचा? घर सुटले की पहिली सुटते ती शाळा. मग नोकरीचे दार बंद, आणि मग तेवढीच दोन कामे उरतात ज्यांच्यावरून आपण त्यांना नावे ठेवतो.

जुन्या काळी आपल्याकडे याला दुसरी वाट होती, आणि ती याहून बरी नव्हती. कोल्हापूर-बेळगावकडच्या भागात बायकी वळणाच्या मुलाला यल्लम्माच्या नावाने सोडून जोगता करीत. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांतून ते जगणे आले आहे, आणि त्यांवर आधारलेला 'जोगवा' हा चित्रपट २००९ साली अनेकांनी पाहिला असेल. घराला कळत नव्हते म्हणून पोर देवीला दिले. आपण देवीला सोडणे सोडून दिले, ते उत्तम केले. पण पोराला रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याच गोष्टीचे नवे नाव नव्हे काय?

ही माणसे परकी नाहीत. मराठी कवयित्री दिशा पिंकी शेख या पारलिंगी आहेत. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने त्यांना आपल्या प्रवक्तेपदी नेमले. आपल्याच चळवळीच्या व्यासपीठावरून त्या बोलतात, आपण टाळ्या वाजवतो. व्यासपीठावर मान देणाऱ्यांनी आपल्या घरातल्या लेकराला थोबाडीत मारू नये.

मोठी माणसेही शिकतात

"आम्हाला हे समजतच नाही," असे आईबाप म्हणतात. समजत नाही हे कबूल करण्यात कमीपणा नाही. २०२१ साली मद्रास उच्च न्यायालयात दोन तरुणींचे प्रकरण आले. दोघींना एकत्र राहायचे होते, घरच्यांचा विरोध होता. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी मुलींना आणि आईवडिलांना समुपदेशकाकडे पाठवले, आणि आपल्यालाही या विषयाचे पुरते ज्ञान नाही असे सांगून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञांसमोर शिकायला बसले. ७ जून २०२१ च्या आदेशात त्यांनी 'औषधोपचाराने बदलून देतो' असे सांगणाऱ्या उपचारांना मनाई केली. त्यानंतर २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार करणे हे डॉक्टरचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे कळवले. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसतो, तिथे तुम्हाआम्हाला लाज कसली?

मग करावे काय?

त्या मॅडमशी आणि काही आईवडिलांशी बोलून आम्हाला जे उमगले ते सांगतो.

पहिले, हात उचलायचा नाही आणि घराबाहेर काढायचे नाही. सगळे समजल्यावर मग थांबू, असे नाही, आजपासूनच. २०१९ साली पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा झाला, त्यानेही पारलिंगी असल्याच्या कारणावरून मुलाला आईबापांपासून तोडता येणार नाही असे सांगितले.

दुसरे, ऐकून घ्या. लेकरू काही सांगू लागले तर "गप्प बस" म्हणू नका. "मला पटत नाही, पण तू सांग, मी ऐकते," एवढे म्हटले तरी दार उघडे राहते.

तिसरे, घाईने शिक्काही मारू नका. मुलगा बाहुली खेळला किंवा मुलीने केस बारीक कापले म्हणजे लगेच काही ठरत नाही. लेकरू स्वतः काय म्हणते, किती दिवस म्हणते, ते पाहा. कपडे, केस, हाकेचे नाव या गोष्टी उद्या बदलता येतात, त्यांत थोडी मोकळीक द्या. संप्रेरकांच्या गोळ्या आणि शस्त्रक्रिया ही वेगळी बाब आहे. अठरा वर्षांच्या आत औषधे द्यावीत की नाही, यावर देशोदेशीच्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. भोंदूंकडून किंवा दुकानातून आणून काही घेऊ देऊ नका, तज्ज्ञ डॉक्टरांनाच विचारा.

चौथे, मरणाची भाषा आली तर ती धमकी समजू नका. लेकराला एकटे सोडू नका आणि सरळ रुग्णालय गाठा. पोलीस केस होईल या भीतीने पुष्कळ घरे लपवून ठेवतात. २०१७ च्या कायद्याने असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानले जाते आणि त्याला शिक्षा होत नाही. सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

पाचवे, डॉक्टर पारखून घ्या. 'मी याला बदलून देतो' म्हणणारा डॉक्टर असो की भगत, उठून यावे. 'याची झोप, भीती, उदासी बरी करू आणि तुम्ही सगळे या,' असे म्हणणाऱ्याकडे जावे.

आणि सहावे, वस्तीसाठी. आपल्या महिला मंडळाने अशा आईला टोमण्यांऐवजी सोबत द्यावी. रुग्णालयात तासन्‌तास रांगेत बसताना बरोबर दुसरी बाई असली, तर अर्धे ओझे हलके होते.

आज ते घर

सगळे गोड झाले असे आम्ही लिहिणार नाही. आजी अजून कुरकुरते. बापाने लेकराचे नवे नाव अजून एकदाही घेतलेले नाही. बहिणीचे स्थळ पाहताना काय सांगायचे, यावरून नवरा-बायकोत दोनदा भांडण झाले.

पण आईने तिची वाट काढली आहे. ती मुलगा म्हणत नाही, मुलगी म्हणायला जीभ वळत नाही. ती म्हणते, "लेकरू आलं, लेकरू जेवलं." मराठीने तेवढी सोय ठेवलेली आहे. लेकरू बारावी झाले, आता संध्याकाळी संगणकाच्या क्लासला जाते. परत यायला नऊ वाजतात. नाक्यावर टवाळ पोरे बसलेली असतात. म्हणून दिवसभर राबून आलेला बाप रोज पावणेनऊला बसस्टॉपवर जाऊन उभा राहतो. दोघे काही बोलत नाहीत. तो पुढे चालतो, लेकरू मागे.

परवा त्या बाई पुन्हा विहारात भेटल्या. हातात रुग्णालयाचा कागद होता, पुढची तारीख लिहिलेला. म्हणाल्या, "ताई, लिहा पेपरात. दुसरी कोणी पायरीवर बसली असेल तर तिला सांगा, आधी पोराला घरात घे, डॉक्टर मग शोधू."